तलावाकाठची वाट आणि डोंगराचे पाणी

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पर्यटन, पर्यावरण आणि नगरविकास हे अभ्यासक्रमातील तीन स्वतंत्र घटक म्हणून आपण वाचता. प्रत्यक्षात मात्र ते अनेकदा एकाच रस्त्यावर एकत्र आलेले दिसतात. आज या तिन्हींचा विचार मी एका लहानशा वाटेच्या आधारे करणार आहे. ही वाट उत्तराखंडातील नैनी तलावाला वळसा घालते. तिची लांबी जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे. तिला दमछाक करणारा चढ नाही आणि वाटाड्याचीही गरज नाही. रमतगमत चालणाऱ्या माणसाला ती एक-सव्वा तासात पूर्ण करता येते. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना झेपणारी अशी वाट डोंगराळ गावात विरळाच आढळते.

नैनिताल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,938 मीटर उंचीवर वसले आहे. तेथील बहुतेक रस्ते उभ्या उतारावरचे असून तलावाचा काठ हीच काय ती मोठी सपाट जागा. साहजिकच ती सर्वांना हवी असते. मोटारी, हॉटेले, नौका, फेरीवाले, शाळेला जाणारी मुले आणि पायी फिरणारे हे सारे त्या अरुंद पट्ट्यावर दावा सांगतात. या स्पर्धेत पायी चालणाऱ्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो. त्याच्या चालण्यातून कोणाला थेट महसूल मिळत नाही. परंतु माझा आजचा मुद्दा याच्याही पुढचा आहे. काठावरील वाट केवळ काठावर काम करून टिकवता येत नाही. तिचे भवितव्य तिच्या वरच्या डोंगरावर ठरते.

आपण तल्लीतालपासून निघू. कुमाऊँनी बोलीत ‘तल्ला’ म्हणजे खालचा आणि ‘मल्ला’ म्हणजे वरचा. तलावाच्या खालच्या टोकाची वस्ती ती तल्लीताल आणि वरच्या टोकाची ती मल्लीताल. डाव्या हाताला आयारपाटा डोंगराच्या पायथ्याने जो रस्ता जातो त्याला ‘ठंडी सडक’ म्हणतात. डोंगराच्या सावलीमुळे तेथे ऊन कमी पोहोचते, म्हणून हे नाव. येथे मोटारींची वर्दळ नाही. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्येच पाषाणदेवीचे मंदिर लागते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ही वाट निसरडी होते, एवढीच काय ती अडचण.

या वाटेने मल्लीतालला पोहोचले की नयनादेवीचे मंदिर आणि त्यापुढे ‘फ्लॅट्स’ नावाचे मोठे मैदान येते. तेथून उजवीकडे वळून शेर-का-डांडा डोंगराखालच्या मॉल रोडने परत तल्लीतालला येता येते. या बाजूला दुकाने, हॉटेले आणि वाहने आहेत. एकाच तलावाच्या दोन काठांमध्ये एवढा फरक का, याचे उत्तर अर्धे इतिहासात आणि अर्धे भूगर्भात आहे.

तलावाच्या लांबीच्या दिशेने एक भ्रंशरेषा जाते. तलावाची निर्मिती भूकवचाच्या अशा हालचालींतून झाल्याचे मानले जाते. आयारपाट्याच्या बाजूस प्रामुख्याने चुनखडी व डोलोमाइट हे खडक आहेत. त्यांच्या भेगांतून पावसाचे पाणी आत मुरते आणि काही ठिकाणी झऱ्यांच्या रूपाने तलावाकडे येते. शेर-का-डांडाच्या बाजूस शेल व स्लेट हे ठिसूळ, पापुद्र्यांचे खडक आहेत. त्यांत पाणी शिरले की उतार घसरू लागतो. म्हणजे ज्या काठावर वर्दळ आणि बांधकाम अधिक, त्याच काठावरचा डोंगर अधिक नाजूक आहे. नगररचनेच्या दृष्टीने ही निवड दुर्दैवी म्हणावी लागेल. अर्थात 1841 मध्ये शाहजहानपूरचा साखर व्यापारी पी. बॅरन येथे आला व वसाहतीला सुरुवात झाली, तेव्हा भूगर्भाचा विचार कोणी फारसा केला नसावा.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. 18 सप्टेंबर 1880 रोजी अतिवृष्टीनंतर शेर-का-डांडाचा मोठा भाग कोसळला. 151 जणांचा मृत्यू झाला. त्यांत 108 भारतीय व 43 युरोपीय होते. व्हिक्टोरिया हॉटेल गाडले गेले आणि नयनादेवीचे जुने मंदिरही नष्ट झाले. डोंगरावरून आलेल्या राडारोड्याने तलावाच्या टोकाची सपाट जागा वाढली. आज पर्यटक ज्या ‘फ्लॅट्स’वर उभे राहून तलावाची छायाचित्रे घेतात, त्याचा काही भाग त्या दरडीचाच आहे.

या दुर्घटनेनंतर जे काम झाले ते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. उतारांवरून येणारे पाणी खडकात मुरून दरड सैल करू नये, यासाठी दगडी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. मुख्य नाले, त्यांना मिळणारे उपनाले आणि शेवटी तलाव, अशी ही रचना आहे. तलावात उतरणाऱ्या नाल्यांची संख्या साठच्या आसपास सांगितली जाते. काठाने चालताना हे नाले पायांखालून जातात आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाहीत. नाल्यात कचरा वा बांधकामाचा मलबा अडकला की पाणी वाट सोडून उताराच्या पोटात शिरते. तो वाहून आला तर तलावात गाळाचे त्रिकोणी ढीग साचतात. 2016 व 2017 च्या उन्हाळ्यांत पाण्याची पातळी फार खालावली, तेव्हा हे ढीग काठाकाठाने उघडे पडले होते. पातळीच्या बातम्यांत ‘शून्य फूट’ असा उल्लेख आपल्या वाचनात येईल. शून्य म्हणजे तलाव कोरडा पडला असे नव्हे. तेथील मापनपट्टीवरची ती एक ठरावीक खूण आहे आणि पाणी तिच्याही खाली जाऊ शकते.

ऑगस्ट 2018 मध्ये लोअर मॉल रोडचा सुमारे 25 मीटर लांबीचा तुकडा खचून तलावात गेला. शांत समजल्या जाणाऱ्या ठंडी सडकेवरही 2021 च्या पावसाळ्यात दरड आली. सुलभ वाट म्हणजे सुरक्षित वाट, असे समीकरण आपण सहज मांडतो. ते दरवेळी खरे ठरत नाही. तलावापासून वर चढून जाणाऱ्या टिफिन टॉपच्या वाटेवर ‘डोरोथी सीट’ हे प्रसिद्ध ठिकाण होते. ऑगस्ट 2024 मध्ये तेही कोसळले.

न्यायालयीन हस्तक्षेपाचा टप्पाही लक्षात ठेवावा. डॉ. अजयसिंह रावत विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांडपाणी, बेसुमार बांधकाम आणि मॉल रोडवरील वाहतूक यांसंबंधी निर्देश दिले. पुढे राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली तलावाच्या सुधारणेची कामे झाली. 2007 पासून तळाशी नळ्या टाकून हवा सोडण्यात येऊ लागली. याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात वरचे ऊबदार, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाशी सेंद्रिय द्रव्य कुजत राहते आणि तेथील प्राणवायू संपतो. हिवाळ्यात वरचे पाणी थंड झाल्यावरच तलाव ढवळला जातो. हवेचे बुडबुडे हे मिश्रण कृत्रिमरीत्या घडवतात. हा उपाय रुग्णाला प्राणवायू लावण्यासारखा आहे. आजाराचे मूळ नाल्यांतून येणाऱ्या घाणीतच राहते.

आता ज्या प्रश्नावर परीक्षेतही मतभिन्नता अपेक्षित आहे, त्याकडे वळू. नैनी तलावाच्या वर, थोड्या अंतरावर सूखाताल नावाचा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि नंतर कोरडा होतो. म्हणून त्याच्याकडे कित्येक वर्षे रिकामी जागा म्हणून पाहिले गेले. तेथे मलबाही पडला आणि अतिक्रमणेही झाली. परंतु तेथे साचलेले पाणी जमिनीत झिरपून नैनी तलावाला मिळते, हे जलशास्त्रीय अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. नैनितालला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावाचे हे पुनर्भरण क्षेत्र होय. सूखातालचे सुशोभीकरण करून तेथे बारमाही पाणी ठेवण्याचा प्रकल्प पुढे आला, तेव्हा आक्षेप घेण्यात आला की तळ व काठ अभेद्य केल्यास पाझर थांबेल. उत्तराखंड उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तेथील बांधकामाला स्थगिती दिली.

येथे फिरण्याची वाट हवी आणि तलावही हवा, अशी दोन्ही बाजूंनी सदिच्छाच होती. तरीही दोहोंत संघर्ष उभा राहिला. माझे मत असे की, कोरडा दिसणारा तलाव कोरडा राहू देणे हेही नियोजन आहे. तेथे वाट करायचीच असेल तर ती मातीची वा दगड सांधून केलेली असावी आणि पाणी जिरू देणारी असावी. सिमेंटचा कठडा छायाचित्रात देखणा दिसतो, पण जमिनीचे तोंड बंद करतो. पाणथळ क्षेत्र (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 यांच्या कक्षेत येणाऱ्या पाणथळ जागांसाठी हाच विचार कायद्याच्या भाषेत आला आहे. मागील दहा वर्षांतील सरासरी कमाल पूररेषेपासून 50 मीटरच्या आत, नौकांचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकामाला त्यांत मनाई आहे. सुलभता व संवर्धन यांवर उत्तर लिहिताना ही तरतूद अवश्य वापरावी. अपंग व्यक्तींच्या चाकांच्या खुर्चीला सपाट पृष्ठभाग लागतो, हेही तेवढेच खरे आहे. त्यासाठी अख्खा काठ फरसबंद करण्याची गरज नाही. आधीच पक्क्या असलेल्या मॉल रोडवर ठरावीक वेळी वाहने थांबवली तरी बराच भाग मोकळा होतो. हंगामात संध्याकाळी असे करण्याची प्रथा नैनितालमध्ये आहेच.

मॉल रोडने आपण पुन्हा तल्लीतालला पोहोचतो. येथे ‘डाँठ’ नावाच्या जागी तलावाची दारे आहेत. पावसाळ्यात पातळी पाहून ती उघडली जातात आणि जादा पाणी बलिया नाल्यातून गौला नदीकडे जाते. पर्यटक सहसा येथेच माघारी फिरतात. त्यांना न दिसणाऱ्या खालच्या उतारावर बलिया नाला अनेक दशकांपासून आपले काठ खात आहे. तेथील काही कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र जावे लागले. तल्लीतालची सपाटी ज्या उताराच्या माथ्यावर उभी आहे, तो हाच उतार.