सर्वांचा संगणक, जबाबदारी कोणाची?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून सातारा-सांगलीच्या कुठल्याही कॉलेजात दिसणारी एक वस्तू निवडली आहे: लॅबमधला किंवा ग्रंथालयातला सामायिक संगणक. दिवसभरात त्याच्यापुढे दहा-पंधरा मुलं बसून उठतात.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग या संगणकांचं एवढं काय? पण दाखले स्कॅन करून, ठरलेल्या आकारात बसवून, मोठा अर्ज न चुकता भरायचा तर मोबाइलवर जीव मेटाकुटीला येतो. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्यांचे पसंतीक्रम, आणि २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेला अकरावीचा प्रवेश, सगळं पडद्यावरच आहे. माण किंवा जतच्या ज्या मुलीच्या घरी लॅपटॉप नाही, तिला कॉलेजचा संगणक नाहीतर सायबर कॅफे, हे दोनच रस्ते.

मध्यंतरी एका कॉलेजच्या लॅबमध्ये गेले होते. नाव सांगत नाही, कारण चित्र बहुतेक ठिकाणी तेच असतं. 'डाउनलोड्स' उघडलं तर आत अनोळखी मुलामुलींची आधार कार्डं, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. ब्राउझर उघडला तर कोणाचं तरी ईमेल तसंच चालू. ईमेल हातात आलं की बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. म्हणजे त्या मुलीच्या घराची किल्ली दारालाच लटकत होती आणि तिला पत्ता नव्हता.

यावर कॉलेजं सहसा दोनपैकी एक करतात. एक तर 'चाललंय ते चालू दे'. नाहीतर एखादा व्हायरस आला की घाबरून यूएसबीची तोंडं बंद, निम्म्या साइट बंद आणि चार वाजता लॅबलाच कुलूप. कुलूपबंद लॅबमधून काही चोरीला जात नाही हे खरं, पण माणच्या त्या मुलीचा अर्जही तिथून जात नाही. ती मग कॅफेत जाते. २०११ च्या नियमांनुसार कॅफेचालकाने ग्राहकाचं ओळखपत्र पाहायचं असतं आणि नोंदवही किमान एक वर्ष ठेवायची असते. पण तिची फाइल त्या संगणकावरून पुसली की नाही, हे ती वही सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सामायिक संगणकाला विसरायला शिकवावं. ही सोय जुनी आहे. 'डीप फ्रीझ'सारखी सॉफ्टवेअर आहेत. विंडोजच्या एज्युकेशन आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत 'युनिफाइड राइट फिल्टर' आहे. लिनक्सवरही तात्पुरतं पाहुणा-खातं करता येतं. तत्त्व पाटीसारखं आहे. मुलं जे लिहितात ते मूळ डिस्कवर न जाता वरच्या तात्पुरत्या थरावर जातं. संगणक पुन्हा सुरू केला की तो थर पुसला जातो. दाखले गेले, उघडं ईमेल गेलं आणि पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरसही गेला. मग यूएसबी बंद करायची गरज उरत नाही.

याला काही पथ्यं आहेत. एकाने उठल्यावर आणि दुसऱ्याने बसण्याआधी संगणक पुन्हा सुरू झालाच पाहिजे, कारण मधल्या वेळात व्हायरस जिवंतच असतो. स्वतःची फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायची, अशी ठळक पाटी भिंतीवर हवी, नाहीतर एखाद्याचा प्रोजेक्ट जाईल. आठवड्यातून एकदा संरक्षण काढून अपडेट द्यायचे आणि पुन्हा लावायचं. मुलांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नकोत. बायोसला पासवर्ड हवा. लॅबचं नेटवर्क कार्यालय आणि परीक्षा विभागापासून वेगळं हवं. आणि कीबोर्डच्या वायरीला मागे एखादं अनोळखी बोंडूक जोडलेलं नाही ना, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. ते कुठलंही सॉफ्टवेअर पुसत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुने संगणक भंगारात काढण्याआधी त्यांच्यावर लिनक्स घालून पाहावं. सांगलीच्या वालचंद कॉलेजात तर विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स गट आहे, म्हणजे शिकवणारी मुलं जवळच आहेत.

पण नुसत्या सॉफ्टवेअरने यंत्र टिकत नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प झाला. देशभर गाजला. काही वर्षांनी त्यातल्या सात गावांत ऊस उत्पादकांची माहिती संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवरून देण्याचा प्रयोग झाला, कारण जुने होत चाललेले संगणक सांभाळणं जड जात होतं. उद्घाटनाला फीत कापणारे खूप असतात. पाचव्या वर्षी धूळ पुसणारा कोण, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर आपल्या साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली आणि कामंही मिळून केली. 'कमवा आणि शिका' याच मातीतलं. लॅबची रखवाली हे त्यातलंच एक काम का असू नये? दोन मुलं, रोज दोन तास: रीस्टार्ट, अपडेट, केबलवर नजर आणि नव्या मुलांना लॉगआउट शिकवणं. त्यांना मानधन मिळेल, हातात कसब येईल आणि लॅब संध्याकाळीही उघडी राहील. एवढं करूनही कोणाची फसवणूक झालीच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हेही तीच मुलं सांगतील.

आज आपण शाळेला काय भेट द्यावी याची चर्चा आहे. दहा नवे संगणक द्यावेत, असं बहुतेकांच्या मनात आहे. माझी सूचना आहे की सहाच घेऊ आणि उरलेल्या पैशांतून तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद करू. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी शाळेत येईन आणि वर सांगितलेली सगळी व्यवस्था बसवून देईन. नववीच्या चार मुली-मुलांना ती चालवायला शिकवेन. माझ्याबरोबर आणखी तिघं-चौघं हवेत. संगणकाचं ज्ञान नसलं तरी चालेल, वायरी ओढायला आणि पाट्या लिहायलाही हात लागतात. जेवणाच्या सुट्टीत मला नावं द्या.

दहावीचा निकाल लागला की अकरावीचा अर्ज भरायला या शाळेतलं एखादं पोर त्या खोलीत येईल. त्याला खोली उघडी मिळावी, आणि तो उठून गेल्यावर त्याचा दाखला तिथे राहू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.