मनातले बोल आणि ऐकणारे कान



इ. स. १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसई गावाहून विष्णुभट गोडसे हे तरुण भिक्षुक आपल्या काकांसह उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. घरावरचे कर्ज फिटावे, एवढाच हेतू. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि पुढल्या वर्षी ते झाशीत सापडले. ह्यू रोजच्या फौजेचा वेढा, १८५८ च्या एप्रिलमधील शहराचा पाडाव, त्यामागोमागची कत्तल आणि लूट त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. कमावलेले द्रव्य गेले. गंगाजल घेऊन ते घरी परतले. सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी तो वृत्तांत लिहिला. ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक हयात नव्हते.

गोडसे भटजींना कोणी रुग्ण म्हणणार नाही आणि त्यांचे पुस्तक म्हणजे उपचारही नव्हे. तथापि एक गोष्ट त्यातून ध्यानी येते. भोगलेले दुःख काळाने आपोआप पुसले जात नाही, आणि ते शब्दांत उतरण्यासाठी आस्थेने विचारणारे कोणी तरी लागते.

भटजींच्या लेखनाच्या थोडे आधी, १८८० ते १८८२ या काळात, व्हिएन्ना शहरात डॉ. योसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करीत होते. वैद्यकाच्या इतिहासात ती ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने ओळखली जाते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली. हात लुळा पडला. तहान लागूनही पाणी ओठाला लावता येईना. स्वतःची जर्मन मातृभाषा तोंडून उमटेनाशी झाली आणि ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. एके दिवशी, एका कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना पाहून आलेली आणि सभ्यतेपोटी गिळून टाकलेली किळस तिने बोलून दाखविली. आणि ती पाणी प्याली. या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. ती लगेच पूर्ण बरी झाली नाही, पुढेही तिला रुग्णालयात राहावे लागले. परंतु नंतर तिने समाजकार्यात मोठे नाव मिळविले.

याच अनुभवातून सिग्मंड फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण उदयास आले. जे सोसवत नाही ते मन अबोधात ढकलते. यालाच दमन म्हणतात. दाबलेली भावना नाहीशी होत नाही. ती स्वप्नांतून, अकारण भीतीतून, कधी शरीराच्या दुखण्यातून डोके वर काढते. विश्लेषक रुग्णाला मनात येईल ते निःसंकोच बोलू देतो. हळूहळू जुन्या नात्यांतील राग, लोभ आणि भय त्या विश्लेषकाविषयीच वाटू लागतात, आणि त्यांचे मूळ रुग्णाला उमगते. कारण कळले की वागण्यात निवडीला वाव मिळतो.

भारतात हे शास्त्र कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी रुजविले. दमन हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली आणि फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करताना आपले मतभेदही निर्भयपणे मांडले.

मनोविश्लेषण सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. ते दीर्घकाळ चालते, खर्चिक असते, फ्रॉइड यांची अनेक मते आज वादग्रस्त ठरली आहेत, आणि तीव्र मानसिक आजारांत औषधे अपरिहार्य असतात. तरी त्याचे मुख्य सूत्र प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. परीक्षेच्या सकाळी मुलाचे पोट दुखते, तेव्हा प्रथम डॉक्टरांना दाखवावे. शरीरात दोष न आढळल्यास ‘सोंग करतोस’ म्हणून दटावू नये. त्या पोटदुखीत एखादे न बोललेले वाक्य दडलेले असू शकते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने ते वाक्य दाबले गेले, की दुखणे वाढते.

झाशीतील मराठी घरांत मुले अंगणात हिंदी-बुंदेली बोलतात आणि आजीशी मराठी. रडू ज्या भाषेत येते, त्या भाषेत सांगण्याची मोकळीक त्यांना हवी. शाळा मातृभाषेची असण्याचे एक प्रयोजन हेही आहे: मुलाला गणिताबरोबर स्वतःच्या मनासाठीही शब्द मिळावेत.

घरच्यांच्या आवाक्यापलीकडचे दुःख असेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु आरंभ घरातच व्हावा. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाने काही सांगू लागताच त्याला मध्येच न तोडता दहा मिनिटे ऐकावे, इतकीच विनंती.