मुंबईचा पैसा, डोंगरातले पाणी

मुंबईत मिळवलेला पैसा महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांकडे येतो, ही वाट जुनी आहे. गिरण्यांच्या काळात तो मनीऑर्डरने येई. वाडीतली कर्ती माणसे मुंबईला आणि म्हातारी माणसे, बायका, पोरे गावाला, अशी घरांची विभागणी ठरून गेलेली असे. घरच्या मनीऑर्डरीखेरीज आणखी एक पैसा येई, तो ग्रामस्थ मंडळाचा. बहुतेक वाड्यांचे मुंबईत मंडळ असते. महिन्याची बैठक भरते, वर्गणी ठरते, वहीत नाव लागते आणि त्या वर्गणीतून गावचे देऊळ, शाळेची खोली, ओढ्यावरचा साकव उभा राहतो. वर्गणी देणारे गिरणीतले, गोदीतले, हॉटेलातले कामगार होते. कोकणातल्या समाजकार्याचा पहिला आणि सर्वांत सातत्याने देणारा देणगीदार हाच चाकरमानी आहे, आणि धनवंतांच्या दानाचा विचार करताना त्याचे नाव आधी घेणे न्यायाचे आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच वाटेने वेगळ्या मापाचा पैसा येऊ लागला. तो एका उद्योजक दाम्पत्याचा आहे. रॉनी स्क्रूवाला यांनी मुंबईत केबल टीव्हीपासून व्यवसायाला सुरुवात केली, १९९० मध्ये यूटीव्ही ही कंपनी काढली आणि २०१२ मध्ये ती अमेरिकेच्या डिस्ने कंपनीच्या ताब्यात गेली. त्यांची आणि झरीना स्क्रूवाला यांची समाजकार्याची संस्था आधी ‘शेअर’ या नावाने काम करीत होती. २०१३ मध्ये तिचे नाव ‘स्वदेस फाउंडेशन’ झाले. हे नाव २००४ च्या ‘स्वदेस’ या चित्रपटावरून घेतले आहे. परदेशातला शास्त्रज्ञ गावी येतो आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाण्यावर वीज निर्माण करतो, अशी त्याची कथा. त्यातले गाव चित्रित झाले ते वाईजवळच्या मेणवलीत, म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की पलीकडे. संस्थेने कामासाठी निवडला तो मात्र घाटाखालचा मुलूख: महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, तळा आणि सुधागड हे रायगड जिल्ह्याचे तालुके. पुढे नाशिक जिल्ह्यातही काम सुरू झाले.

हे दान नेमके कोणत्या जातीचे आहे, हे कळण्यासाठी मोठ्या पैशाचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात, कारण गावात आलेली प्रत्येक मदत लोकांच्या तोंडी ‘कंपनीची’ होते.

पहिला प्रकार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. कंपनी कायदा, २०१३ च्या १३५व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त असतो, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम लागू आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांचा आसपासच्या गावांवरचा खर्च बहुधा याच सदरात पडतो. हा पैसा भागधारकांचा असतो आणि कायद्याने द्यावा लागतो. त्याला औदार्य म्हणणे बरोबर नाही. ते कर्तव्य आहे आणि तसेच ते मागितले पाहिजे.

दुसरा प्रकार मालकीच देऊन टाकण्याचा. टाटा घराण्यात सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्ये आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये स्थापन झाला. या आणि घराण्याच्या इतर न्यासांकडे मिळून टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग आहेत. कंपनीने लाभांश वाटला की त्यातला मोठा हिस्सा आपोआप न्यासांकडे जातो. अझीम प्रेमजी यांनीही हाच मार्ग धरला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी आणखी भाग दिले, तेव्हा त्यांच्या विप्रो कंपनीच्या ६७ टक्के भागांचे उत्पन्न त्यांच्या संस्थेच्या कामासाठी राखले गेले. हे भाग धरून त्यांनी संस्थेला दिलेल्या एकूण निधीची किंमत तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती. एवढ्या नोटा कोणी मोजून दिल्या नाहीत. झाड दिले, फळे दरवर्षी येत राहतात.

तिसरा प्रकार जाहीर वचनाचा. बिल गेट्स, मेलिंडा गेट्स आणि वॉरन बफे यांनी २०१० मध्ये ‘गिव्हिंग प्लेज’ सुरू केले. संपत्तीचा निदान अर्धा भाग हयातीत किंवा मृत्युपत्राने समाजकार्याला देण्याचे हे वचन आहे. भारतातून प्रेमजी, किरण मजुमदार-शॉ, रोहिणी आणि नंदन नीलेकणी यांनी ते दिले. त्याला कायद्याचे बंधन नाही. माणूस आपल्या शब्दाने बांधलेला राहतो, एवढेच. या विचाराचे मूळ अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या उद्योगपतीच्या १८८९ च्या निबंधात सापडते. श्रीमंताने धन साठवून मरणे लाजिरवाणे आहे असे त्याचे मत होते, आणि त्याने अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसा दिला. पण इमारत त्याची असे आणि जागा व दरसालचा खर्च गावाने उचलायचा, अशी त्याची अट असे. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण सावित्री नदीच्या खोऱ्यातले सगळे काम शेवटी तिच्यापाशीच येऊन थांबते.

स्वदेसचा पैसा संस्थापकांचा आहे, शिवाय इतर कंपन्यांच्या सीएसआरमधून आणि देणगीदारांकडूनही तो येतो. संस्थेचे वेगळेपण रकमेपेक्षा निवडीत आहे. देशभर थोडे थोडे पसरण्याऐवजी एकमेकांना लागून असलेले तालुके घ्यायचे आणि तिथल्या गावात पाणी, शौचालय, आरोग्य, शाळा आणि रोजगार या सगळ्यांचे काम एकत्र करायचे, अशी ही रीत आहे. दहा लाख माणसे गरिबीतून बाहेर काढायची, हे उद्दिष्ट संस्थेने सुरुवातीलाच जाहीर केले.

या तालुक्यांत सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. महाड-पोलादपूरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. महाबळेश्वरचा कडा डोक्यावर उभा, सावित्री तिथूनच उतरते. तरीही मार्च सरता सरता डोंगरावरच्या वाड्यांचे झरे आटतात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. कारण सरळ आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. चार महिन्यांचे पाणी मुरण्याआधीच नदीला आणि नदीतून बाणकोटच्या खाडीला जाते. नदी खाली राहते, वाडी वर राहते, आणि मधली चढण बायका डोक्यावर हंडा घेऊन चढतात. पहाटे विहिरीवर नंबर लावायचा, पाझर साठेपर्यंत थांबायचे, वाटीने पाणी भरायचे. दिवसाचे दोन-तीन तास यात गेले की मजुरीही बुडते आणि मुलीची शाळाही.

यावरचा उपाय यंत्रशास्त्राच्या दृष्टीने साधा आहे. ओढ्याकाठी बारमाही पाण्याची विहीर शोधायची किंवा बोअर घ्यायची, पंपाने पाणी वाडीच्या वरच्या टेकाडावरील टाकीत चढवायचे आणि तिथून उताराने घरोघरच्या नळाला सोडायचे. अडचण पुढची असते. कोकणातल्या कितीतरी नळपाणी योजना पंप जळाल्यावर किंवा वीजबिल थकल्यावर बंद पडल्या आणि टाक्या रिकाम्या उभ्या राहिल्या. म्हणून सौर पंपाला महत्त्व आले. म्हणूनच गावाचा वाटा घेण्याचा आग्रह धरला जातो: कोणी रोख वर्गणी देते, कोणी चर खणायला श्रमदान करते. गाव विकास समिती स्थापन होते, तिच्यात बायका असतात, ती पाणीपट्टी ठरवते आणि दुरुस्तीसाठी शिल्लक ठेवते. हे काम मंडळाच्या वर्गणीच्या वहीवर वाढलेल्या माणसांना नवे नाही. संस्थेला या मुलखात सोयीची गोष्ट कोणती गवसली असेल, तर ही.

पाण्यामागोमाग बाकीची कामे येतात. शेळ्या, कोंबड्या, दुभती जनावरे, भाजीपाला यांतून भाताच्या एका पिकावरचे अवलंबन कमी करायचा प्रयत्न असतो. घराशी पाणी आले तरच हे शक्य होते, कारण जनावराला पाजायला हंड्याचे पाणी परवडत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि चष्मे यांवर भर आहे, आणि तो योग्य आहे. ज्या गावात निम्मी माणसे साठीच्या पुढची आहेत तिथे दिसायला लागणे म्हणजे पुन्हा कामाला लागणे. गावातल्याच एखाद्या बाईला प्रशिक्षण देऊन ‘स्वरक्षा मित्र’ म्हणून तयार केले जाते. या सगळ्या कसोट्यांना उतरलेल्या गावाला संस्था ‘स्वप्नातील गाव’ म्हणते. स्वच्छ, सुंदर, स्वस्थ, साक्षर आणि सक्षम, अशा त्या पाच कसोट्या.

पण पाण्याच्या दानाविषयी महाडमध्ये बोलायचे तर १९२७ टाळून बोलता येत नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले होते, तरी तळ्याचे पाणी अस्पृश्यांना मिळत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठी आलेल्या लोकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. न्यायालयातला वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. महाडच्या इतिहासातले मोठे दान कोणते, असे विचारले तर फत्तेखानांच्या जमिनीचे नाव घ्यावे लागेल. तिची किंमत थोडी असेल, पण ती दिली गेली तेव्हा देणाऱ्याला काहीही लाभ नव्हता आणि धोका होता.

त्या लढ्याने एक गोष्ट कायमची सांगून ठेवली: पाणी हा हक्क आहे, ते कोणाच्या मेहेरबानीवर असू नये. आजच्या कायद्यातही तसेच आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींकडे सोपवता येणाऱ्या २९ विषयांत पिण्याचे पाणी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. तेव्हा धनवंताच्या पैशाने नळ आला तरी तो पंचायतीच्या कारभारात बसला पाहिजे. पंचायतीला लोक निवडून देतात आणि ग्रामसभेत जाब विचारू शकतात. न्यासाला हिशेब द्यावा लागतो तो धर्मादाय आयुक्तांना आणि आयकर खात्याला. कोणते गाव घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे मात्र देणारा ठरवतो. म्हणून अशा कामाची पारख करताना टाकीवरच्या पाटीपेक्षा जलवाहिनीचे शेवटचे टोक पाहावे. गावठाणातल्या घरांबरोबर पलीकडच्या कातकरी वाडीत, धनगरवाड्यात, बौद्धवाडीत त्याच दाबाने पाणी पोचते का?

मोठ्या दानालाही जे साधत नाही तेही महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दिसते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई आणि इतर गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही बळी गेले, महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. त्या आठवड्यात राज्यभरातून धान्य, कपडे, भांडी यांचे ट्रक आले. संकटात देणारे हात पुष्कळ असतात. धोक्यातल्या वाड्यांना सुरक्षित जागा देणे हे काम मात्र सरकारी जमिनीचे, मोजणीचे, वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याचे असते आणि कोणत्याही न्यासाच्या आवाक्याबाहेरचे असते. रोजगाराचेही तसेच. शेळ्यांनी आणि भाजीने घर उभे राहते, पण बारावी झालेला मुलगा तरीही सकाळच्या एसटीने मुंबईची वाट धरतो.

स्वदेससारख्या संस्थेला गावातून कधीतरी बाहेर पडायचे असते आणि तसे ती सांगतेही. नळ बसवल्यानंतरची पहिली काही वर्षे पंपाला फारसे काही होत नाही. मग मोटर जळते, पाइप फुटतो, समितीतली पहिली माणसे मुंबईला मुलाकडे राहायला गेलेली असतात. त्या दिवशी पाणीपट्टीच्या खात्यात दुरुस्तीपुरते पैसे असतील आणि महाडहून मेकॅनिक बोलावणारी एखादी बाई समितीत असेल, तर टाकी त्याच आठवड्यात पुन्हा भरते.