महेश्वरपासून पुढे
(ग्रंथालयाच्या सभागृहात झालेल्या स्मृतिसभेतील भाषण)



ज्याच्याविषयी बोलण्यासाठी मी उभा आहे, त्याचे नाव या सभागृहात निराळे सांगावयास नको. गेली कित्येक वर्षे दर शनिवारी संध्याकाळी या ग्रंथालयाचा जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडून चढणारा सभासद एकच होता. त्याला जाऊन आज महिना झाला. ज्याने उभे आयुष्य डोंगरदऱ्यांत आणि नदीकाठी घालवले, त्याला मृत्यूने घरच्या ओसरीवर, सकाळच्या चहाच्या वेळी गाठले. हृदयविकाराचा एकच झटका आला आणि डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच सारे संपले.

लोक त्याला बेधडक म्हणत. या शब्दाविषयी मला थोडी तक्रार नोंदवायची आहे.

आम्ही महाविद्यालयात असतानाची गोष्ट. पावसाळ्यात महूजवळच्या पाताळपाणीला आम्ही चौघे गेलो होतो. धबधब्याच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या खडकांवर बसून आम्ही शिदोरी सोडली. डोक्यावर आकाश स्वच्छ होते. एकाएकी तो उठला आणि म्हणाला, "डबे राहू द्या, आधी काठावर चला." पाणी गढूळ होऊ लागले होते, त्यातून पालापाचोळा वाहत होता; वर कुठे तरी मोठा पाऊस झाला असावा, हे त्याने त्यावरून ताडले होते. आम्ही कुरकुरत काठावर आलो. थोड्याच वेळात आमचे डबेच काय, ज्यांवर बसलो होतो ते खडकही दिसेनासे झाले. पुढे २०११ साली तिथेच अशा लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली, तेव्हा ती दुपार मला आठवली. आम्ही ज्याला बेधडक म्हणत होतो, तो आमच्यातला सर्वांत सावध माणूस होता.

नर्मदा परिक्रमा हे त्याचे सर्वांत मोठे साहस. सुमारे १३१२ किलोमीटर लांबीची ही नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे, पात्र कुठेही ओलांडायचे नाही, केवळ सागरसंगमापाशी नावेने पलीकडच्या तटावर जायचे. परंपरेने यासाठी सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा. नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देणार? याचे उत्तर त्याला याच ग्रंथालयात सापडले. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' त्याने पूर्वीच वाचली होती. पुढे अमृतलाल वेगडांचे लेखन हाती आले. कलेचे अध्यापन करणाऱ्या जबलपूरच्या या चित्रकाराने १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर चालावयास आरंभ केला आणि टप्प्याटप्प्याने वाट पुरी केली, हे वाचून तो धावतच माझ्याकडे आला. "मास्तर, सुट्ट्या तर माझ्यापेक्षा तुलाच जास्त. चल."

मी गेलो नाही. तो एकटाच ओंकारेश्वराहून निघाला. शूलपाणीच्या झाडीतली जुनी पायवाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेली; तेव्हा आतल्या गावांतून वाट विचारत तो पुढे सरकला. विमलेश्वराहून नावेने मिठी तलाईला उतरला आणि उत्तर तटाने चालत महेश्वरच्या घाटावर आला. प्रत्येक टप्प्याला तो मला विचारी आणि माझे कारण तयार असे. कधी उत्तरपत्रिका, कधी मुलीचे लग्न, कधी गुडघा. अखेरीस मी सांगून टाकले, "निवृत्तीनंतर नक्की."

तो रागावला नाही. म्हणाला, "बरं. मग महेश्वरपासून आपण दोघं जाऊ. तोवर मी थांबतो."

आणि मित्रहो, तो खरोखरच थांबला. तीन हिवाळे थांबला. त्याची परिक्रमा अपुरी का राहिली असे अनेकांनी मला विचारले. त्याचे उत्तर आज मी आपल्यासमोर देत आहे.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतले आणि एक पुस्तक हाती ठेवले. "हे ग्रंथालयाचं आहे, तेवढं परत करा," एवढेच त्या म्हणाल्या. ते वेगडांचेच पुस्तक होते. आतल्या मुदतीच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांची रांग होती, त्यांतले निम्मेअधिक त्याचेच असावेत. पानांत घडी केलेला एक कागद निघाला. त्यावर मंडलेश्वर, बडवाह, नेमावर असे पुढचे मुक्काम त्याच्या टपोऱ्या अक्षरांत मांडलेले होते आणि खाली एक ओळ होती : "मास्तरचा गुडघा — रोज १२ कि.मी. पुरे."

त्याच्या सावधपणात माझा गुडघाही होता.

पुस्तक मी नियमाप्रमाणे परत केले आहे. कागद मात्र ठेवून घेतला. ग्रंथपालांनी क्षमा करावी. अमरकंटकापर्यंत जाईन, अशी प्रतिज्ञा या व्यासपीठावरून करण्याचे धैर्य माझ्यात नाही. आजवर पुष्कळ 'नक्की' म्हणून झाले. दिवाळीच्या सुट्टीत महेश्वरला जायचे आणि निदान मंडलेश्वरपर्यंत चालायचे, एवढे ठरवले आहे. ते अंतर त्याने आखून दिलेल्या बारा किलोमीटरांत बसते.