पंचांग, शाळा आणि ९० दिवस

परदेशातून सुट्टीला घरी आलं, की चहाचा कप हातात पडायच्या आत एक प्रश्न येतो, ‘मग, सगळा युरोप फिरून झाला असेल?’ आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. तिथून पॅरिस रेल्वेने सव्वातीन तासांवर, झुरिक साधारण तीन तासांवर. त्यामुळे विचारणाऱ्याचं चुकत नाही. कोल्हापूरहून पुण्याला जाऊन यावं तसं हे असेल, असं पहिल्या वर्षी आम्हालाही वाटलं होतं.

पण श्रोतेहो, तिथे अडचण अंतराची नसते, तारखांची असते. घरात शाळेत जाणारी मुलं आहेत आणि भारतातून आजी-आजोबा येणार आहेत, मग तर तारखा जुळवणं हे मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड.

आधी शाळेचं सांगते. जर्मनीत सुट्ट्या प्रत्येक राज्य आपापल्या ठरवतं. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये, म्हणून उन्हाळी सुट्टी राज्याराज्यांत मागेपुढे लागते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गची आणि शेजारच्या बव्हेरियाची पाळी सगळ्यात शेवटी, जुलैच्या अखेरीला. दोन दिवस शाळा बुडवली तर काय बिघडलं, हा आपला हिशेब तिथे चालत नाही. शाळेत हजर राहणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि पालकांना दंड होतो. २०१८ च्या मे महिन्यात, सुट्टी लागायच्या तोंडावर, बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना हटकलं होतं. तेव्हापासून गुरुवारचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं, तरी मी तिकडे बघत नाही.

मग व्हिसा. भारतातून भेटीला येणाऱ्याला शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ‘तीन महिने’ असं आपण सहज म्हणतो, पण मोजणी दिवसांची असते. उतरलेला दिवस धरायचा आणि निघण्याचाही. शिवाय व्हिसावर किती वेळा प्रवेश आहे, ते नीट वाचायचं. एकदा आईबाबांना घेऊन लंडनला मावसभावाकडे जायचं ठरवलं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण आईबाबांच्या शेंगेन व्हिसावर एकाच प्रवेशाची परवानगी होती. म्हणजे लंडनला गेले असते, तर परत आमच्याकडे येता आलं नसतं! हे माझ्या लक्षात आलं ते तिकिटं काढायच्या आदल्या रात्री. चूक कुणाची नाही, माझीच. कागद समोर होता, वाचला नव्हता.

२०२३ साली मी सगळं शहाणपण पणाला लावलं. आईबाबा १२ मार्चला उतरले. त्यांचे ९० दिवस भरत होते ९ जूनला. मुलांची पेन्टेकॉस्टची सुट्टी ३० मे ते ९ जून. कसं जुळलं! पण बाबा वारकरी. माउलींची पालखी आळंदीहून निघणार ११ जूनला. ‘मी निदान चार दिवस आधी घरी पाहिजे,’ त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. परतीचं तिकीट ६ जूनचं निघालं. सहलीसाठी हातात राहिले पाच दिवस.

या पाच दिवसांत मी पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि येताना कोलोन असं बसवलं होतं. कॉम्प्युटरवर तक्ता केला, गाड्यांच्या वेळा लिहिल्या, प्रत्येक रात्रीचं हॉटेल वेगळं. नवऱ्याने तो पाहिला आणि म्हणाला, ‘यात आईंचा गुडघा कुठे बसतो?’ आईचा गुडघा कुठेच बसत नव्हता. गाडी बदलायला मी आठ-दहा मिनिटं ठेवली होती. जर्मन रेल्वे घड्याळावर चालते ही आपल्याकडची समजूत आता जुनी झाली. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या दर ८ गाड्यांपैकी ३ उशिरा आल्या. दोन बॅगा, दोन मुलं आणि एक दुखरा गुडघा घेऊन आम्ही फलाटावरून पळतोय, हे चित्र मला तेव्हा दिसलं.

मग मी बाबांनाच विचारलं, ‘तुम्हाला नक्की काय बघायचंय?’

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव ही त्यांची नेहमीची फेरी. सीमाप्रश्न पेटला, की कोगनोळीच्या नाक्याजवळ गाडी उभी करायची आणि फोनची वाट बघायची, यात त्यांच्या नोकरीतले किती दिवस गेले असतील! ते म्हणाले, ‘अगं, तू नेहमी सांगतेस ना, तिकडे सरहद्दीवर कुणी विचारत नाही म्हणून. ते बघू.’

तक्ता बाजूला ठेवला. ऱ्हाईन नदीच्या जर्मन काठावर केल नावाचं लहानसं गाव आहे. पलीकडच्या काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम पूल ओलांडून केलपर्यंत येते. आम्ही केलमध्ये स्वयंपाकघर असलेलं घर पाच दिवसांसाठी घेतलं. राहणं तिथे स्ट्रासबुर्गपेक्षा स्वस्त पडलं. शिवाय त्याच मे महिन्यापासून जर्मनीत ४९ युरोत महिनाभर सगळ्या लोकल आणि पॅसेंजर गाड्यांनी देशभर फिरता येईल असं तिकीट सुरू झालं होतं. (पुढे त्याची किंमत वाढली.) मोठ्यांची चार तिकिटं काढली आणि गाडी चुकली तर पुढची, असं निवांत गेलो. बॅगा एकदाच उघडल्या, एकदाच भरल्या. आईने पहिल्याच संध्याकाळी थालीपिठं लावली आणि तिची सहल सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये बसलो. पासपोर्ट सगळ्यांचे जवळ होते. ते कायम जवळ ठेवावेच लागतात. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, पण २०२३ च्या त्या सकाळी पुलावर कुणीही नव्हतं. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. नदी आली, गेली. ‘नाका कुठाय?’ त्यांनी विचारलं. नातवाने सांगितलं, ‘आजोबा, झाला की!’ बाबांनी मागे वळून पुलाकडे पाहिलं. पुढच्या थांब्यावर आम्हाला उतरायला लावलं आणि पूल पुन्हा एकदा, पायी ओलांडायला लावला. पायी जाताना मी त्यांना सांगितलं, की हे स्ट्रासबुर्ग १८७१ साली जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि युद्धाच्या शेवटी परत फ्रान्सकडे. इथल्या एखाद्या म्हाताऱ्याने घर न सोडता चार वेळा देश बदलला असेल. बाबा बराच वेळ कठड्याला हात लावून उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, ‘आणि आता ट्राम जाते.’

उरलेले दिवस असेच गेले. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलमधलं खगोलशास्त्रीय घड्याळ रोज साडेबाराला आपला खेळ दाखवतं, येशूचे शिष्य ओळीने पुढे सरकतात आणि कोंबडा आरवतो. मुलांनी ते दोनदा पाहिलं. एक दिवस ऑफेनबुर्गहून ब्लॅक फॉरेस्टच्या घाटातली रेल्वे घेतली. १८७३ साली पूर्ण झालेला हा मार्ग डोंगरात वळणं घेत, तीन डझनांहून जास्त बोगद्यांतून चढतो. नातवंडं बोगदे मोजत होती आणि बाबा वळणं. आंबा घाटाशी तुलना झाली, निकाल अर्थातच आंबा घाटाच्या बाजूने लागला. एक दिवस पाऊस होता म्हणून घरातच पत्ते खेळलो. पहिल्या तक्त्यात पावसाला जागाच नव्हती.

पुण्यामुंबईहून बारा दिवसांच्या टूरला येणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना पुन्हा यायला मिळेल याची खात्री नसते, त्यांनी पळत पाहणं रास्त आहे. आम्ही मात्र तिथेच राहत असून त्यांच्यासारखे पळत होतो, हे मला उशिरा कळलं.

बाबा ६ जूनला निघाले आणि वारीला पोहोचले. आईचं एक मात्र राहिलं. तिला बर्फ बघायचा होता, तोही स्वित्झर्लंडचा. त्यासाठी मुलांच्या शाळेचा तक्ता आणि पंचांग मी शेजारी शेजारी घेऊन बसले. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे. आषाढी एकदम २५ जुलैला. म्हणजे पेन्टेकॉस्टची सुट्टी पूर्ण मोकळी, आणि बाबांना घाई नाही.