वळणारा कुत्रा आणि फ्लॅटमधलं घर

दिवाळीनंतर भातकापणी उरकली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन रायगड जिल्ह्यात उतरतात. रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. धनगरांच्या या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या तळांबरोबर, आलेला कुत्रा पनवेल-खालापूरकडच्या पुष्कळांनी पाहिलेला असेल. तो नेमकं काय करतो, याकडे मात्र आपलं लक्ष गेलेलं नसतं. कळप पुढे नेणं, रस्त्याच्या कडेला दाबून धरणं, मागे राहिलेलं कोकरू आणणं ही कामं माणसं करतात. हाळी देऊन, शीळ घालून, काठी आडवी धरून. कुत्रा कळपाबरोबर चालतो, रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरं कोंडण्याच्या जाळीबाहेर, पडून राहतो आणि लांडग्या-बिबट्याची चाहूल लागली की उठतो. म्हणजे तो राखणारा कुत्रा आहे, वळणारा नव्हे. पनवेल, खारघर, कामोठ्याच्या सोसायट्यांत आज बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, जर्मन शेफर्ड दिसतात, ते मात्र मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचे वंशज आहेत. त्यांना कसं वाढवावं हे आपल्याला वाडवडिलांकडून कळलेलं नाही, ते शिकूनच घ्यावं लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे की असा कुत्रा घरात आणायचा, तर त्याच्या रक्तातल्या कामाला घराच्या दिनक्रमात रीतसर जागा द्यावी लागते. ती दिली नाही, तर त्याचे लाडही वाया जातात आणि त्याला लावलेली शिस्तही.

हे काम रक्तात आलं कसं? लांडग्याची शिकार ठराविक टप्प्यांनी होते: सावज हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने 2001 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात दाखवून दिलं की कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती म्हणजे याच साखळीची निरनिराळी रूपं आहेत. वळणाऱ्या कुत्र्यात नजर, दबकणं आणि पाठलाग हे टप्पे माणसाने निवडीने तीव्र केले आणि शेवटचे दोन दाबले. राखणाऱ्या कुत्र्यात जवळजवळ सगळीच साखळी झोपवली. हे काही आपोआप झालेलं नाही. वेल्समधल्या बाला या गावी 1873 साली ब्रिटनमधली पहिली मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा भरली. 1893 साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्याची शांत, नजरेने काम करण्याची पद्धत मेंढपाळांना इतकी भावली की आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोचते. 1906 साली मेंढपाळ कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. रूप कसंही असो, काम पाहून जोडी लावायची, असा तो अनेक पिढ्यांचा व्यवहार होता. आपल्या घरी येणारं दोन महिन्यांचं पिल्लू ही सगळी निवड अंगात घेऊनच येतं.

आता हे पिल्लू सातव्या-आठव्या महिन्यात फ्लॅटमध्ये काय करतं ते पाहा. मुलं पॅसेजमध्ये पळायला लागली की ते मान खांद्यांच्या खाली नेतं, पुढचा एक पाय उचललेला तसाच ठेवून थिजतं, मग लांबून वळसा घालून मुलांच्या पुढे येतं. मूल थांबलं नाही तर टाचेला हलकेच दात लावतं. मेंढी याने वळली असती; मूल किंचाळतं आणि आणखी जोरात पळतं. खाली रस्त्यावर स्कूटर आणि रिक्षा हीच त्याची मेंढरं होतात. घरचे म्हणतात कुत्रा चावरा निघाला, शेजारी सोसायटीकडे तक्रार करतात, आणि एक अत्यंत गुणी जनावर दिवसभर बाल्कनीत बांधलं जातं. इतकी चांगली कुत्री अशी वाया जाताना पाहून जीव तुटतो, कारण चावरेपणाशी याचा काही संबंध नसतो. त्याने आपलं काम शोधलेलं असतं आणि ते काम चुकीचं आहे हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिला, त्याला भरपूर पळवा, दमला की गप्प बसेल. व्यायाम हवाच, पण नुसत्या पळण्याने या कुत्र्याचा दम वाढतो, डोकं रिकामंच राहतं. महिन्याभरात तासाचे दोन तास करावे लागतात. दुसरा, दोन फटके द्या किंवा काटेरी पट्टा घाला. माराने वागणं दबतं, मागची ओढ तशीच राहते. वर हा कुत्रा माणसाच्या बारीकशा हालचालीवर लक्ष ठेवण्यासाठीच घडवलेला असल्याने मारणाऱ्या हाताची भीती त्याच्या मनात इतरांपेक्षा खोल बसते. कुत्रा म्हणजे कुत्राच, माया लावली की सगळं होतं, असंही काही जण मनापासून म्हणतात. मायेवाचून काही होत नाही हे खरंच. पण त्याला समजेल असं काम देणं हाही मायेचाच भाग आहे.

हे काम म्हणजे काय? ब्रिटनमधला मेंढपाळ तरुण कुत्र्याला सगळ्यात आधी हाकायला नव्हे, थांबायला शिकवतो. घरातही तिथूनच सुरुवात करावी. दार थोडं उघडायचं. पिल्लू पुढे झालं की दार बंद. ते मागे टेकून बसलं, नजर दारावरून आपल्या चेहऱ्याकडे आली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून खाऊ द्यायचा आणि मग दार पूर्ण उघडायचं. दार उघडणं हेच खरं बक्षीस असतं. पुढे हेच थांबणं पाच फुटांवरून, मग मैदानात वीस फुटांवरून, शेवटी चेंडू घरंगळत असताना. चालत्या वस्तूवरून नजर काढून माणसाकडे पाहणं ज्याला जमलं, त्याला पॅसेजमधल्या मुलांचा आणि स्कूटरचा मोह सोडता येतो. माणसांची, वाहनांची, लिफ्टची ओळखही वेळेत व्हायला हवी. स्कॉट आणि फुलर यांच्या 1965 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ यासाठी सर्वांत मोलाचा. धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू याच वयात कोकरांमध्ये वाढतं, म्हणून मोठं झाल्यावर मेंढरांना आपलं मानतं. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका हा सल्ला रास्त आहे; पण त्याला कडेवर घेऊन स्टेशनची गर्दी लांबून दाखवायला काहीच हरकत नाही.

थांबायला शिकलेल्या या कुत्र्याला करायला कामही हवं; खेळाची गरज इथेच पडते. अडथळ्यांच्या शर्यतीचा, म्हणजे ॲजिलिटीचा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या उडी-स्पर्धांवरून बेतून दाखवला गेला. जर्मनीत रूढ झालेल्या ट्राइबबॉल या खेळात कुत्रा आठ मोठे चेंडू नाकाने ढकलत, मालकाच्या इशाऱ्यावर एकेक करून गोलात आणतो. मेंढ्या नसलेल्या गावात मेंढ्या वळण्याचंच हे काम आहे. हा श्रीमंतांचा षोक आहे, असा आक्षेप येतो. दोन बादल्यांवर आडवी ठेवलेली झाडूची काठी, व्यायामाचे दोन मोठे चेंडू आणि संध्याकाळी मोकळं मिळणारं मैदान एवढ्यावर सुरुवात होते. मात्र हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा वर्षापर्यंत, उंच उड्या नकोत. आपल्या हवेचंही भान हवं. एप्रिल-मेमध्ये पनवेलच्या डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजे तिथे टेकवू नयेत, आणि दमट उन्हात जाड केसाळ कुत्रा धापा टाकूनही निवत नाही. पावसाळ्यात बाहेर पडणं अवघड होतं, तेव्हा घरातच डोक्याला काम द्यावं. अमेरिकेत जॉन पिली या प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. त्यांचा निबंध 2011 साली आला. आपण दहा शिकवली तरी जुलैच्या संध्याकाळी सत्कारणी लागतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की थंड कुरणांवरचं हे जनावर कोकणात आणावंच कशाला? तो मला बराचसा मान्य आहे. ज्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास देणारं माणूस नाही, त्या घराने वळणारा कुत्रा घेऊ नये. आपल्या गल्लीतलं देशी पिल्लू या हवेला सरावलेलं असतं, अडथळ्यांचे खेळ तेही आनंदाने शिकतं. पण देशी म्हणजे सोपा, असं समजून धनगरी जातीचं पिल्लू फ्लॅटमध्ये आणणं हीही तीच चूक. राखणारा कुत्रा रात्री जागतो, लिफ्टच्या प्रत्येक आवाजावर भुंकतो. राखणारा आणि हिंस्र यांतला भेद सरकारलाही नीट हाताळता आलेला नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जाती हिंस्र ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला सांगितलं. त्यात कांगाल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड अशा कितीतरी जाती मुळात मेंढरं राखणाऱ्या होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केलं.

एवढं सगळं ऐकूनही ज्यांचा निश्चय पक्का आहे, त्यांनी पिल्लू घेताना रंगावर भाळू नये. ठिपकेदार, निळसर झाक असलेल्या ‘मर्ल’ रंगाच्या पिल्लांना मागणी फार. पण आई-बाप दोघेही मर्ल असतील तर साधारण चारांतल्या एका पिल्लाला दोन्हीकडून तो जनुक मिळतो आणि असं पिल्लू बहिरं किंवा आंधळं निघण्याचा धोका मोठा असतो. म्हणून दोघांनाही पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याआधी द्यायला निघालेल्या विक्रेत्याकडून उठून यावं. आणि गोचिडांसाठी आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचण्याआधी कुत्र्याची जात डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. कोली (ही बॉर्डर कोलीहून वेगळी जात) आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये आढळणाऱ्या एका जनुकदोषामुळे हे औषध थेट मेंदूत उतरतं. अमेरिकेतल्या तपासण्यांत कोलींपैकी सुमारे 70 टक्क्यांत हा दोष सापडला आहे, बॉर्डर कोलीत तो क्वचित आढळतो. गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावरून त्याची चाचणी होते, आणि ती पहिल्या इंजेक्शनच्या आधी करायची असते.