धानाचा अलर्ट

मी कोडिंगवाला, पण घर सिंदेवाहीकडचं, धानाच्या बांधीतच वाढलेलो.

धानाचं पान हाताला कापतं ना? त्यात सिलिका असते, काचेतली असते तीच. अळ्यांचे जबडे झिजतात. आणि तुडतुडे रस शोषू लागले की धान लिनालूल नावाचा वास हवेत सोडतं. त्या वासावर जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी माश्या येतात नि तुडतुड्यांच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात. सर्व्हर पडायच्या आधीचा अलर्टच की!

मागच्या खरिपात बाबांनी युरिया जास्त टाकला. धान लुसलुशीत, तुडतुडे खूश. घाबरून "फवारा मारा" म्हणणारा मीच, फोनवरून. औषध मित्रकिडींनाही सोडत नाही. अर्धी बांधी जळाली.

यंदा बाबा आधी चुडाच्या बुडाशी वाकून तुडतुडे मोजतात. मला विचारत नाहीत.